साडभाऊ खेळाडू बघायला जातात

देवाने माणसाला रूप दिले, बुद्धी दिली, कुळ दिले. पण माझ्या थोरल्या साडूंच्या लेखी माणसाला फक्त उंची असते. आर्णीच्या अलीकडे एका लहानशा कॉलेजात ते खेळाचे सर होते आणि बास्केटबॉलने त्यांना पार झपाटले होते. माझ्या लग्नात सगळे वऱ्हाड नवरानवरीकडे बघत असताना हे गृहस्थ मांडवाच्या बल्लीला डोके लागणाऱ्या एका वाढप्याच्या मागे जिलबीच्या ताटासकट फिरत होते. एका मयतीला गेलो, तर तिथे माझ्या कानाशी लागून म्हणाले, "गेले ते चांगलेच होते, साडभाऊ. पन तो डाव्या बाजूचा खांदेकरी पाहा. तिरडी कशी एकीकडून उचलली त्यानं!" मला देवाने पाच फूट चार इंचांवर थांबवले, याबद्दल त्यांनी मला कधी मनापासून माफ केले नाही.

त्यांच्या कॉलेजचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण सांगूनही ते कोणाला कळत नसे. विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिला सामना आमच्याशी आहे असे कळले, की समोरची पोरे आज जेवण लवकर म्हणून खूश होत. अमरावतीच्या एका मोठ्या कॉलेजाकडे गुळगुळीत मैदान, ट्रॅकसूट आणि हॉस्टेल होते. त्यांच्या बाकावर नुसती बसून असलेली पोरेही आमच्या कप्तानापेक्षा वीतभर उंच. साडूंकडे मुरमाचे मैदान आणि बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या दाराच्या फळीवर ठोकलेली रिंग. कापसाला भाव नसण्याची ती वर्षे. संकलन केंद्रापुढची बैलगाड्यांची रांग पार कॉलेजच्या मैदानात येई आणि पोरे गाड्यांना वळसे घालत सराव करत. त्या रांगेतही साडूंनी भरती चालवली होती. एकदा लांबून एक उंचापुरा गडी दिसला, म्हणून त्याचे नाव-गाव लिहून घेतले, कॉलेजात घालून खेळवण्याचा शब्द दिला. तो खाली उतरला तेव्हा कळले, की तो गाडीतल्या कापसावर उभा होता. पण साडूंनी शब्द फिरवला नाही. "चेंडूही शेवटी खालीच येते ना," असे म्हणून त्यांनी त्या बुटक्याला तीन वर्षे खेळवले.

खरे दुखणे मुलींच्या टीमचे होते. एखादी पोरगी रिंगपर्यंत चेंडू पोचवायला लागली, की घरचे येत आणि तिला उजवून टाकत. घर बसने अर्ध्या तासावर, त्यामुळे पोरीला न्यायला काही कष्टही पडत नसत. अशा दोन चांगल्या मुली बी.ए.च्या मधूनच गेल्यावर साडू आठवडाभर नीट जेवले नव्हते.

आणि मग त्यांना बातमी लागली, की जवळच्याच एका खेड्यात पावणेसहा फुटांची पोरगी आहे आणि यंदाच बारावी झाली आहे. मी रजा टाकून बाभुळगावहून गेलो आणि त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसलो. दोघांच्या अंगात इस्त्रीचे शर्ट. गावात शिरताच साडूंनी पारावर विचारले, "ते उंच पोट्टी हाय ते घर कोनतं जी?" उन्हाळ्याच्या दिवसांत दोन धुतलेली माणसे मुलीचे घर विचारत आल्यावर गावाने जे समजायचे तेच समजले. आम्ही पोचेपर्यंत ओसरीवर सतरंजी होती, पोरीचा मामा शेतातून आला होता आणि शेजारणी कुडाला टेकून उभ्या होत्या.

पोरगी पोहे घेऊन आली. दाराच्या चौकटीशी ती वाकली आणि साडूंनी माझ्या बरगडीत कोपर मारले. मग त्यांनी आजीची उंची विचारली, पोरीचे मनगट पाहिले, चालून दाखवायला सांगितले. इथपर्यंत सगळे रीतीला धरून होते. "आता उडी मारून त्या आढ्याले हात लाव, बाई," म्हणाले, तेव्हा मामाच्या कपाळावर आठी पडली. पोरीने हात लावला. वरची धूळ आमच्या पोह्यांत पडली.

"पसंत!" साडू ओरडले. "मले पोट्टी पसंत हाय!"

आईने आमच्या हातावर साखर ठेवली. मामाने घसा खाकरून देण्याघेण्याचे विचारले.

"काहीच नको. उलट जोडे आमचे, रोजचे दोन अंडे आमचे."

असे स्थळ त्या भागात कोणी ऐकले नव्हते. बाप भारावून म्हणाला, "आन पोरगा काय करते, जी?"

"पोट्ट्यांची टीम अलग हाय," साडू म्हणाले.

मी आधी मोटरसायकल किती लांब उभी आहे ते पाहिले. पहिले हसू आतून, पोरीचे आले. खुलासा झाला. मामा तडक उठून गेला. बाप मात्र उठला नाही. कारण पोरगी दारात येऊन म्हणाली, "बाबा, मले शिकाचं हाय. लगन मंग करजा."

बापाने होकार दिला. साडूंना इतका आनंद झाला, की त्यांनी तो स्वतःपाशी ठेवला नाही. बातमी अमरावतीला पोचली, तिथून त्या मोठ्या कॉलेजचे सर जीपने आले आणि हॉस्टेल, मेस, सगळे फुकट म्हणाले. बाप गोंधळून साडूंकडेच, कॉलेजच्या मैदानावर आला. मी तिथे होतो. "सर, तुमी पयले आले. तुमीच सांगा, कुठी पाठवू?"

साडूंनी फळीवरच्या रिंगकडे पाहिले. "मामा काय म्हन्ते?" त्यांनी विचारले.

"तो अजून बी स्थळ पाह्यतच राह्यला, जी."

"मंग अमरावतीले पाठवा," साडू म्हणाले. "तिथून तिले आनाले त्याले दिवस मोडा लागन."

हिवाळ्यात विद्यापीठाच्या स्पर्धेत आमचा पहिला सामना नेमका त्याच कॉलेजशी पडला. आमच्याकडे चार मुली होत्या, पाचवी खो-खोतून उसनी आणलेली. साडूंनी शोधलेली पोरगी नव्या ट्रॅकसूटमध्ये बाकावर बसली होती आणि सामना संपत आला तरी बसूनच होती. आम्ही केव्हाच हरलो होतो. शेवटी साडू भर सामन्यात पलीकडे गेले आणि त्या सरांसमोर हात जोडले. "आमचं सोडा, जी. तिले उठवा."

तिला उठवले. तिने आमच्यावर एकामागून एक तीन बास्केट केले आणि प्रत्येक वेळी सगळ्यात आधी टाळी साडूंची पडली. आमच्या मुली त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

सामना संपल्यावर ती आली, साडूंच्या पाया पडली. डोळे भरलेले होते. म्हणाली, "सर, इथं नुसतं बसाच लागते. तुमच्या टीममंदी जागा असन तर मले न्या."

साडूंनी आमच्या चार मुलींकडे पाहिले, खो-खोवालीकडे पाहिले. मला वाटले, आता हा माणूस मामाला विसरून तिला मोटरसायकलवर घालूनच नेतो.

"जागा नाही, बाई," ते म्हणाले. "पुढच्या सालाची बी भरली."

ती गेल्यावर ते तिथेच, दोन्ही हात पाठीशी बांधून, पुढचा सामना बघत उभे राहिले. कोण खेळत होते, ते मी विचारले. त्यांना सांगता आले नाही.