एकादशीची गोळी

पंचावन्नाव्या वर्षी माझं पोट आत गेलं आणि डोकं फिरलं. भात, भाकरी, चपाती, साखर सगळं बंद करून मी चार महिन्यांत अकरा किलो उतरवले होते. जुन्नरच्या बाजारपेठेत ओळखीचा माणूस भेटला की तो आधी माझ्या ढगळ झालेल्या पँटकडे बघायचा, आणि त्याने कारण विचारावं म्हणून मी मुद्दाम घुटमळायचो. त्याने नाहीच विचारलं तर आपण होऊन सांगायचो. हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाची ती खोड जात नाही. मोबाइलवर वीस-पंचवीस व्हिडिओ बघून मला सगळं आहारशास्त्र आलं होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणतात ते हेच. बायको म्हणायची, "आधी एकदा डॉक्टरांना तरी दाखवा." मी म्हणायचो, "मला कुठे काय झालंय?" मला खरंच काही झालेलं नव्हतं, कसली गोळी चालू नव्हती, म्हणून माझं निभावलं.

माझ्या थोरल्या बहिणीचं तसं नव्हतं. अक्का बोरी बुद्रुकला दिलेली. तिला नऊ वर्षं मधुमेह होता आणि साखर उतरवायची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू होती. गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायचं आणि गोळी एक दिवसही चुकवायची नाही, एवढं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. ते तिने नऊ वर्षं पाळलं. मुळात अक्का पाळणारी बाई. आमचे वडील मेंढरं राखायचे तेव्हा ती त्यांच्यामागे रानोमाळ हिंडली आणि मी शाळेत गेलो. त्यामुळे मी सांगेन ते बरोबर, असं तिचं साधं गणित होतं. ते गणित मला आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दिवाळीनंतर तिच्याकडे गेलो तर ती दारातच म्हणाली, "आरं, किती वाळलास! दुखणं लागलं का काय?" मी ओट्यावर बसून तिला तासभर शिकवलं. भाकरीची पोटात साखर होते, साखरेने मधुमेह वाढतो, भाकरीच बंद केली तर मधुमेह कुठून राहील? दाजी मेंढरांना पाला टाकता टाकता ऐकत होते. ते म्हणाले, "मास्तर, भाकर सोडून मानूस जगंल व्हय?" मी माझ्या पोटावर थाप मारून दाखवली.

अक्काने एकच शंका काढली. "गोळ्या चालू हायती माझ्या. डाक्टरला इचारू का आधी?"

जुन्नरचे तिचे डॉक्टर माझेच विद्यार्थी. नववीत पचनसंस्था मीच त्यांना शिकवली होती. मी म्हणालो, "त्याला काय विचारायचं? त्याला मी शिकवलंय." सगळे हसले. अक्काही हसली आणि विषय संपला.

वहीचा कागद फाडून मी तांबड्या पेनाने यादी केली. एका बाजूला खायचं, दुसऱ्या बाजूला नाही खायचं. अक्काला वाचता येत नव्हतं, म्हणून सुनेने ती मोठ्याने वाचली आणि अक्काने बोटांच्या पेरांवर पाठ केली. कागद पिठाच्या डब्यावर चिकटवला. त्या दिवसापासून अक्का घरातल्या सगळ्यांच्या भाकरी थापायची आणि स्वतः अंडी, मेथी, पनीर, काकडी खायची. दाजी चिडवायचे, "भाकर थापती आन सोता अंडी खाती. शेहरात ऱ्हायला जायची दिसतीया." फोनवर ती मला बारीकसारीक विचारायची. गाजर, शेंगदाण्याची चटणी, चहात अर्धा चमचा गूळ. मी एकेकाचा निकाल द्यायचो. गुळाला मी नाही म्हटलं.

महिन्याभराने ती म्हणाली, "सकाळच्याला हात कापत्यात रं. घाम सुटतो. डोळ्याम्होरं अंधारी येती."

मी म्हणालो, "शरीराला सवय होतेय. मलाही पहिल्यांदा झालं होतं." मला तसं काही झालं नव्हतं. थोडं डोकं दुखलं होतं, एवढंच.

पुढे तिची तपासणी होती. दाजींना वेळ नव्हता, म्हणून मी तिला एसटी स्टँडवरून दवाखान्यात घेऊन गेलो. तिथला शब्द न् शब्द मला आठवतो. डॉक्टर मला बघून उठून उभे राहिले. "सर, तुम्ही? बसा ना." रिपोर्ट बघून ते खूश झाले. साखर कधी नव्हे ती एवढी उतरली होती. त्यांनी अक्काला विचारलं, "पथ्य पाळताय वाटतं मावशी?"

"व्हय," अक्का म्हणाली. "लई कडक."

पथ्य म्हणजे त्यांच्या लेखी गोड नको, भात कमी. अक्काच्या लेखी पथ्य म्हणजे पिठाच्या डब्यावरचा कागद. दोघं एकच शब्द बोलले आणि दोघांचं समाधान झालं. त्या खोलीत दोन्ही अर्थ माहीत असलेला माणूस मी एकटा होतो.

डॉक्टर म्हणाले, "छान. गोळ्या त्याच चालू ठेवा." अक्का म्हणाली, "डाक्टर, मला सकाळी जरा हात..." मी तिचं वाक्य तोडलं. "थोडा अशक्तपणा आहे, वयाने होतो." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "सर, आणखी काही विचारायचंय?" मी नाही म्हणालो. माझ्या विद्यार्थ्यासमोर मला विद्यार्थी व्हायचं नव्हतं. दुसरं काही कारण नव्हतं, मी खूप शोधून बघितलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी एकादशी आली. एकादशीला घरोघरी काय शिजतं ते सांगायला नको. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, भगर, रताळं, खजूर, केळं. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असं आपण उगाच म्हणत नाही. पण हे सगळं माझ्या यादीत 'नाही खायचं' या बाजूला होतं. आणि यादीत चालणारी अंडी, मेथी एकादशीला चालत नव्हती, पनीर त्या दिवशी घरात नव्हतं. यादी आल्यापासूनच्या एकादश्या अक्काने कधी लग्नाच्या, कधी जत्रेच्या गडबडीत मोडल्या होत्या, म्हणून ही ती मोडणार नव्हती.

सकाळी शाळेला निघताना तिचा फोन आला. परीक्षा चालू होत्या, मला उशीर झाला होता, गाडीची किल्ली सापडत नव्हती.

"आज एकादस. काय खाऊ?"

"साबुदाणा नको, बटाटा नको, भगर नको, केळं नको."

"मंग?"

"ताक पी. थोडे शेंगदाणे खा. एक दिवस नाही खाल्लं तर मरत नाही माणूस."

"आन गोळी?"

"गोळी डॉक्टरांनी सांगितलीय ना? मग घ्यायचीच."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ते माझ्याशी तिचं शेवटचं धड बोलणं.

तिने देवाचं ऐकलं, डॉक्टरांचं ऐकलं आणि माझं ऐकलं. तिघांच्या तीन आज्ञा तिने एकाच दिवशी पाळल्या. सकाळी ताक पिऊन गोळी घेतली. दुपारी मूठभर शेंगदाणे खाल्ले. संध्याकाळी पुन्हा गोळी घेतली आणि अंग जड झालंय म्हणून लवकर आडवी झाली. सुनेने खिचडी पुढे केली होती. "माझं पथ्य हाय," असं म्हणून तिने ताटली सरकवली. सून बिचारी काय बोलणार? तिनेच ती यादी वाचून दाखवली होती.

सकाळी सून तिला उठवायला गेली तर अंगावरचं लुगडं घामाने चिंब, दात घट्ट मिटलेले, डोळे अर्धे उघडे. भाच्याने तिला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा तिच्या हाताला सलाइन होतं. तिथले डॉक्टर दाजींना विचारत होते, "काल काय खाल्लं त्यांनी?"

"एकादशी व्हती," दाजी म्हणाले.

"एकादशीला लोक दोन घास जास्तच खातात. शुगर एवढी खाली जाईल कशी?"

दाजी गप्प. भाचा गप्प. सुनेने माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. तिने माझं नाव घेतलं नाही. मोठ्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, हेही पथ्यच. मीसुद्धा मिनिटभर गप्प उभा राहिलो. दुसऱ्यांदा. मग माझाच मला इतका संताप आला की मी जवळजवळ ओरडून सगळं सांगितलं. भाकरी बंद केलेली, यादी, घाम, हात कापणं, फोन, सगळं.

डॉक्टर रागावले नाहीत. "गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत होतं?"

"नाही."

"त्यांनी गोळी निम्मी केली असती. कदाचित एक बंदच केली असती." ते कागदावर लिहायला लागले. "रात्रभर मेंदूला साखर मिळाली नाही. आता बघू."

दाजी बाकावर बसले. मी शेजारी बसायला गेलो तर ते उठले आणि बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले. नंतर माझे विद्यार्थी डॉक्टरही तिला बघायला आले. जाताना एवढंच म्हणाले, "सर, मला एकदा सांगायचं होतं तुम्ही." त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अक्का जगली. नवव्या दिवशी तिने डोळे उघडले. भिंत धरून चालते, स्वतःची वेणी घालू शकत नाही, सुनेला कधी आई म्हणते. दाजींना ओळखते, तेही रोज नाही. मी दर रविवारी जातो. दाजी मला "या" म्हणतात आणि मेंढरांकडे निघून जातात. यादी कुणी काढली ते मला माहीत नाही. डब्यावर डिंकाचा डाग आहे. आता तिच्या गोळ्या कमी केल्यात आणि वेळेवर पोटभर जेवू घाला असं डॉक्टरांनी बजावलंय. पण सून सांगत होती की भाकरी दिसली की त्या तोंड फिरवतात, फार मिनतवाऱ्या कराव्या लागतात.

मागच्या रविवारी सुनेने ताटली माझ्याकडे दिली. दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी होती. मी घास करून पुढे धरला. अक्काने माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि अदबीने पदर सारखा केला.

"पावणं, ही भाकर हाय," ती म्हणाली. "माझ्या भावाला इचारलं का?"

मी घास तसाच पुढे धरून ठेवला. मग म्हणालो, "विचारलंय, अक्का. तो खा म्हणालाय."

तिने घासाकडे बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली. "त्यो न्हाई म्हनला व्हता." आणि तिने तोंड मिटून घेतलं.