भिंतीवरचा पिवळा झेंडा

पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन होऊन महिना झाला की मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावात पुन्हा झेंडा चढतो. सतरा सप्टेंबरला. देश सुटला तरी आम्ही वर्षभर निजामाच्याच राज्यात होतो, म्हणून.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. अहमदपूरहून इतिहास घेऊन बी.ए. झाले आणि त्याच वर्षी सतरा सप्टेंबरसाठी शाळेची भिंत रंगवून घ्यायचं काम माझ्या हवाली झालं. आपण कशातून सुटलो ते पोरांना कळावं म्हणून तिथं गुलामीतला झेंडा काढायचा होता. पेंटरनं पुस्तकात असतो तसा इंग्रजांचा झेंडा आखून ठेवला. मी तो पुसायला लावला. आमच्या चावडीवर इंग्रजाचा नव्हे, निजामाचा झेंडा होता. पिवळा, मधे पांढरा गोल. निजामाच्या मूळ पुरुषाला एका फकिरानं पिवळ्या कापडात कुलचे, म्हणजे गोल रोट्या, बांधून दिले, त्याची ती खूण, असं सांगतात.

पेंटर म्हणाला, "ताई, लोक म्हणतील झेंड्यावर भाकर काढली."

"म्हणू दे की."

लोक तसंच म्हणाले आणि हसले. मोठे बापू हसले नाहीत. ते वडलांचे थोरले भाऊ, शाळा समितीचे अध्यक्ष. सतरा सप्टेंबरच्या आदल्या दिवशी सांजच्याला चुन्याची बादली घेऊनच आले.

"निजामाचा झेंडा आन् आपल्या शाळेवर? लई शिकलीस. सकाळी सायब येणार हायत. पुसून टाक."

"बापू, आजोबांनी चावडीवर तिरंगा लावला म्हणून गावभर सांगता. लावायच्या आधी काय उतरवलं त्यांनी?"

"हेच की. पिवळं फडकं."

"मग हेच पुसलं तर पोरांना काय सांगायचं, त्यांनी काय उतरवलं?"

बापूंनी बादली खाली ठेवली. मग पेंटरला म्हणाले, "ह्याच्या वर तिरंगा काढ. मोठा. आन् मधी लिव, गावानं उतरवला. माझा बाप एकटा नव्हता."

चुना वाया गेला नाही. सकाळी त्यानंच मैदानावर कवायतीच्या रांगा आखल्या.

झेंडावंदनाला आलेले साहेब पुण्याकडचे. भिंत बघून त्यांनी विचारलंच, हा पिवळा झेंडा कुठला? मी तोंड उघडायच्या आत बापू पुढं झाले. कुलच्यापासून जे सुरू झाले ते साहेबांचा चहा गार झाला तरी थांबले नाहीत. शेवटी माझ्याकडं बोट करून म्हणाले,

"आमच्या पोरीनं रंगवून घेतलाय. बी.ए. हाय ती. मी पुसाया निघालतो, तिनं पुसू दिला न्हाई."