ट्रेसपासरची वहिवाट

आमचा मळा गंगापूर रोडच्या अंगाला. त्यातला बराचसा बिल्डरला विकला, विहिरीजवळचे आठ गुंठे झेंडूसाठी ठेवले. तिथं जायची वाट विकलेल्या जागेतून. ‘तुमची वाट तुमचीच’ असं बिल्डर चहा पिताना बोलला होता. चहा त्यानं आमच्या म्हशीच्या दुधाचा चार कप प्यायला, कागदावर मात्र एक ओळ लिहिली नाही.

सोसायटी झाली, गेट आलं आणि गेटवर लाल इंग्रजी पाटी आली. आईनं टोपली खाली ठेवून मला अर्थ विचारला. मी बी.ए. झालेला, आमच्या खानदानातला पहिला आणि बहुधा शेवटचा. मी सुरू झालो, पाटीवरच्या शब्दाआधी त्याची भावंडं. गेटक्रॅशर म्हणजे न बोलावता लग्नात जेवणारा. गंगापूर रोडच्या एकूण एक लॉन्सवर मी हे काम केलंय. एकदा तर वरपक्षानं माझा सत्कारही केला. इंट्रूडर म्हणजे चोरपावलांनी आत शिरणारा. परवा उसातून बंगल्यात गेलेला बिबट्या तो. आणि पाटीवरचा ट्रेसपासर म्हणजे हक्क नसताना दुसऱ्याच्या जागेत पाय टाकणारा. त्याच्यावर खटला होतो.

“म्हंजे मी,” आई म्हणाली. टोपली डोक्यावर घेतली आणि पाटीखालून आत गेली.

ती रोज तशीच जायची. वॉचमन येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदीची वही पुढं करायचा, तिला ती दिसायचीच नाही. एका सकाळी तिच्याऐवजी मी गेलो, परत येताना डोक्यावर इतका झेंडू की खालचा माणूस दिसत नव्हता. वॉचमननं वही धरली. कटकट नको म्हणून मी ‘व्हिजिटर’च्या रकान्यात झोकदार सही ठोकली आणि घरी येऊन हुशारी सांगितली.

आईची भाकरी तव्यावर तशीच राहिली, पार कोळसा झाली.

“तीस वर्सं चाललो त्या वाटंवर तू पाव्हणा म्हून सही केली? उद्या तहसीलदारापुढं हाच कागद ठेवतील ते. ट्रेसपासरला भांडता तरी येतं रे. पाव्हण्याला घरी जावं लागतं.”

वर्षानुवर्षं चालून मिळालेला वाटेचा हक्क, म्हणजे वहिवाट, मी एका सहीत पाहुणचारात काढला होता. एवढं इंग्रजी येणाऱ्या माणसाला ते सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. तिनं वही मागवली आणि माझ्या सहीसमोर ‘चुकून केली, ही आमची वहिवाटीची वाट’ असं मला लिहायला लावलं. मग गेटच्या बरोबर मधोमध टोपली ठेवून ती तिच्याशेजारी बसली. मागं गाड्यांची रांग लागली. शेवटची गाडी त्र्यंबकेश्वरात होती असं मी सांगत असतो. चार-दोन किलोमीटर कमी धरा. सोसायटीचे चेअरमन ट्रॅकपँटवर धावत आले. माणूस चांगला. मावशी मावशी करत म्हणाले की कायमचा पास करून देतो, फोटोसकट, फक्त एक सही करा.

“दिल्याला पास काढून घेता येतो, साहेब. माझी वाट तुम्ही दिल्याली नाय.”

मग आजच्या दिवस जा, असं ते म्हणाले. ती उठली नाही. गाड्यांनी इतके हॉर्न दिले की आमच्या विहिरीचं पाणी हाललं असेल. अखेर चेअरमननी सगळ्यांदेखत वॉचमनला सांगितलं की या घरच्या माणसांपुढं वही धरायची नाही. आई उठली, टोपलीच्या तळाला राहिलेली कालची दोन फुलं चेअरमनच्या हातात ठेवली आणि आत चालू लागली.

पाटी अजून तिथंच आहे. आम्ही तहसीलला अर्ज टाकलाय, सुनावणीची तारीख लागायचीय. तोवर एक दिवसही खाडा करायचा नाही, असा आईचा हुकूम. परवा मला ताप आला आणि तिचा गुडघा सुजून कलिंगडाएवढा झाला. खाटेवरून तिनं माझ्या बायकोला हाक मारली.

“सूनबाई, तुला वाट ठाऊक हाय का?”

रिकामी टोपली उचलून बायको केव्हाच निघाली होती.