समोरच्या दुकानातली बडीशेप

समोरच्या दुकानात धाकटा भाऊ गिऱ्हाइकाच्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवतो. माणसं ती चोळून हुंगतात, चावतात आणि पावशेर घेऊन जातात. हा धंदा त्याला मीच शिकवला. न विचारता तो वेगळा झाला, त्याचा राग अजून आहे.

हल्ली जेवल्यावर माझ्या छातीत जळजळतं. आज बायकोने बडीशेप पुढे केली. मिठाचं पाणी लावून भाजलेली, आमची आई भाजायची तशी.

"ही आपल्या दुकानातली नाही."

"भाऊजींनी पाठवलीय. म्हणाले, माझं नाव सांगू नका, दादा थुंकून टाकेल."

मी थुंकलो नाही. ज्याच्यावर राग धरावा, त्यालाच आपल्या पोटाला काय मानवतं ते ठाऊक असतं.

जळजळ शमली. दुपारी त्याने समोरून पाहिलं, तेव्हा मी पाठ फिरवून पोती सारखी करू लागलो.