दैवशालाबाई शेवटी येणार नाहीत

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलायचा नसतो. विकणारा आणि घेणारा हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारच्याला कळू नये म्हणून ही सगळी लपवालपवी. आमच्या मंठ्याच्या बाजारातही हेच चालतं, आणि दैवशालाबाईंना या रुमालाचा भारी राग. त्या आपला बोकड मधोमध उभा करतात आणि चार माणसांत मोठ्यानं भाव सांगतात. घ्यायचा तर घ्या, नाहीतर पुढं व्हा. दलाल त्यांच्यावर खार खाऊन असतात, पण बाईंचा बोकड आजवर आजारी निघाला नाही, त्यामुळं गिऱ्हाईक तुटत नाही.

त्यांचं माहेर राजूरकडचं, मेंढरं राखणारं घर. शाळा नावापुरती झाली, लहानपण मेंढरांमागं गेलं, आणि लग्न होऊन त्या मंठ्याजवळच्या एका खेड्यात आल्या. नवरा आजारी पडला आणि गेला. मग त्यांचंही रक्त तपासलं, तर एचआयव्ही निघाला. कुठून आला, कसा आला, हा प्रश्न तुमच्या ओठावर आला असेल तर तो तिथंच गिळा. गावानं आधी तोच विचारला होता. बाई आता जगणार कशी, हे कुणी विचारलं नाही.

त्या जगल्या. जालन्याच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणतात, रोज न चुकता घेतात. रक्तातला विषाणू इतका दबलाय की तपासणीत सापडत नाही. दोन शेळ्यांपासून त्यांनी दावण भरेल इतका कळप केला. दीर परमेश्वर शेजारच्याच घरात राहतो. तो माणूस वाईट नाही, फक्त लोक काय म्हणतील या एका गोष्टीत त्याचं अर्धं आयुष्य गेलंय.

मी प्रियदर्शनी. डॉक्टर प्रांजली मॅडमच्या दाताच्या दवाखान्यात काम करते. बाहेर नंबर देते आणि आत मॅडमच्या हाताखाली असते. जालन्यात मी या कामाचा कोर्स केलाय. माझी जीभ जरा तिखट आहे. मॅडम म्हणतात, तू पेशंटला नंबर देतेस की दम, तेच कळत नाही.

दैवशालाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचा गाल सुजून डोळ्यापर्यंत गेला होता. मी सगळ्यांना विचारते तसं त्यांनाही विचारलं, शुगर, बीपी, दुसरा काही आजार? या प्रश्नाला आमच्याकडं एकच उत्तर असतं, काही न्हाई. खिशात शुगरच्या गोळ्या खुळखुळत असल्या तरी काही न्हाई. दैवशालाबाईंनी मात्र भरल्या दवाखान्यात, बोकडाचा भाव सांगावा तशा आवाजात एचआयव्ही सांगितला, आणि वर गोळ्यांचं नावही सांगितलं. बाकावरची माणसं त्यांच्यापासून सरकून बसली.

मला रागच आला. गर्दीची वेळ होती, आणि बाईंनी सगळं उधळलं. मी हळूच म्हटलं, जरा हळू सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं.

"हळू कशाला?" त्या म्हणाल्या. "चोरी करून आल्ते का मी?"

सांगायची सक्ती नाही, हे त्यांना जालन्याच्या दवाखान्यातल्या ताईंनी समजावलं होतं. तरी त्या सांगतात, कारण एका औषधाचं दुसऱ्याशी जमलं नाही तर भोगायचं आपल्यालाच, हे त्यांनी पक्कं धरलंय. त्या खरेपणाची किंमतही त्यांनी मोजली होती. आधी त्या दुसऱ्या दोन दातांच्या डॉक्टरांकडं जाऊन आल्या होत्या. एकाचं मशीन त्यांचं उत्तर ऐकताक्षणी बिघडलं. दुसऱ्यानं लांबूनच मोठ्या शहराचा रस्ता दाखवला. शेळ्या कुणाच्या भरवशावर सोडून जायचं, हे त्याला काय ठाऊक.

आमच्या मॅडमनी असलं काही केलं नाही. तोंडाला मास्क, हातात हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, रोजच्यासारखंच सगळं, आणि दाढ नीट तपासली. मुळाशी पू झाला होता. आधी औषधानं सूज उतरू दे, मग पुढच्या आठवड्यात दाढ काढू, असं सांगितलं. इथवर मला मॅडमचा अभिमान वाटत होता. मग मॅडम म्हणाल्या, संध्याकाळी या, सगळे पेशंट झाले की शेवटी घेते तुम्हाला.

दैवशालाबाईंनी विचारलं, शेवटी का? मॅडम म्हणाल्या, लोक घाबरतात. बाईंनी विचारलं, तुम्ही घाबरता का? मॅडम म्हणाल्या, नाही, बिलकुल नाही.

"मंग तुमी भेत न्हाई तर मी शेवटी कामून येऊ?"

मॅडम खाली बघून औषध लिहायला लागल्या. बाई पदर सावरून उठल्या आणि औषधाची चिठ्ठी घेऊन गेल्या.

त्या संध्याकाळी हत्यारं धुताना मॅडम स्वतःहून बोलल्या. कॉलेजात याच विषयावर त्यांना प्रश्न आला होता. येणारा प्रत्येक पेशंट संसर्ग असलेलाच आहे असं धरून काम करावं, कारण कुणाला काय आहे हे दिसत नाही. त्यांनी पान भरून उत्तर लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. तेव्हा लिहिणं सोपं होतं, त्या म्हणाल्या. समोर अख्खं मंठा गाव बसलेलं नव्हतं. मी त्यांना काही सुनावलं नाही. नवा दवाखाना, परगावची डॉक्टरीण, आणि गावात एकदा नाव खराब झालं की धुऊन निघत नाही, हे मलाही कळत होतं.

पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी शटर उघडायला आले, तर पायरीवर दैवशालाबाई बसलेल्या. सूज उतरली होती. आज त्यांनी बोकड बाजारात नेला नव्हता. मोटरसायकल रस्त्याकडेला लावून परमेश्वर त्यांच्याशी हुज्जत घालत होता. त्याच्या पोरीची सोयरीक चाललेली. पाहुणे त्याच दिवशी बाजाराला येणार होते आणि त्यातलं कुणी दवाखान्यात टपकलं तर काय, या काळजीनं त्याचं तोंड उतरलं होतं. डॉक्टरीणबाई स्वतः संध्याकाळी या म्हणतात, दाढ काढून देतात, मग हट्ट कशाला, असं तो परत परत विनवत होता.

"परमेश्वर, रातीच्या अंधारात जायला मी काय पाप करून राह्यले का?" बाई म्हणाल्या. "पाहुन्यानं इचारलं तर सांग, माझी वहिनी हाय, दाढ काढायला आल्ती."

मग त्या माझ्याकडं वळल्या आणि पहिला नंबर मागितला. नंबर येईल तसा द्यायचा असतो. मी दिला.

बाजारामुळं खोली भराभर भरली. दुसरा नंबर पुष्पाबाईंचा, गावातल्या म्हाताऱ्या, दाढेच्या ठणक्यानं डोकं बांधून आलेल्या. तिसरा अण्णासाहेबांचा. अण्णासाहेबांचं बियाण्यांचं मोठं दुकान, निम्मा तालुका त्यांच्या ओट्यावर बसून जातो. त्यांच्या दातावर बसवलेली टोपी निसटली होती. मागच्या आठवड्यातली बातमी त्यांच्यापर्यंत कधीच पोचली होती. बाईंना बघितल्याबरोबर ते मॅडमच्या दाराशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. यांना संध्याकाळी घ्या. सकाळी घेतलं तर यांच्यामागून त्या खुर्चीवर मी बसणार नाही, माझ्या घरचं कुणी बसणार नाही, आणि आमच्या शब्दावर चालणारे तर नाहीच नाही.

मॅडम दारात उभ्या राहिल्या. त्यांची आजवरची सगळी मेहनत या एका शब्दावर टांगली आहे, हे मला दिसत होतं. मी मनात म्हणत होते, मॅडम, आता डगमगू नका, आणि त्याच वेळी म्हणत होते, आपल्या दवाखान्याचं काय होणार.

दैवशालाबाई जागच्या उठल्या नाहीत, हातही जोडले नाहीत.

"मॅडम, दाढ काढायची नसंल तर न्हाई म्हना," त्या म्हणाल्या. "पन हितं म्हना, सगळ्यांसमोर. संध्याकाळी या, असं म्हनू नका. मी शेवटी येनार न्हाई."

मॅडमनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि मग अण्णासाहेबांकडं. त्यांचा आवाज आधी जरा कापरा होता. "यांच्यानंतर मी खुर्चीचं आणि हत्यारांचं जे करणार आहे, तेच तुमच्यानंतर करते, अण्णासाहेब. तुमच्यापैकी कुणाला काय आहे ते मला दिसत नाही. म्हणून सगळ्यांना एकच माप." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "प्रियदर्शनी, पहिला नंबर."

मी पुकारला. गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच पुकारला.

आत सगळं रोजचंच होतं. हत्यारं वाफेच्या दाबात तापवून बंद पाकिटात ठेवलेली असतात. पाकिटावर एक खूण असते, वाफ बराबर लागली तरच तिचा रंग बदलतो. ती बघून मी पाकीट फाडलं. दिव्याच्या दांडीवर नवं प्लास्टिक होतं. हातमोजा कुठं फाटलाय का ते मी दोनदा बघितलं, खोटं कशाला सांगू, आणि त्या दुसऱ्यांदा बघण्याचाच मला राग आला. जे मी रोज शंभर टक्के करते म्हणते, त्यावर माझा विश्वास होता की नव्हता? भूल दिली, दाढ हलली, निघाली. मॅडमनी टाका घातला, कापूस चावायला दिला आणि बजावलं, अर्धा तास बोलायचं नाही, उद्या दाखवायला या. बाईंनी मान हलवली आणि त्या बाहेर जाऊन बाकावर बसल्या. मग मी खुर्ची औषधानं पुसली आणि औषध वाळेपर्यंत थांबले. प्लास्टिक बदललं, वापरलेली हत्यारं धुवायला वेगळी काढली, सुई सुईच्या डब्यात टाकली. एकही गोष्ट कमी केली नाही आणि एकही जास्त केली नाही.

बाहेर आले तर सगळे होते तिथंच होते. तमाशा अर्धा सोडून कोण जातो. मी दुसरा नंबर पुकारला. पुष्पाबाई कुणीतरी आधी काहीतरी म्हणेल या आशेनं इकडंतिकडं बघायला लागल्या.

म्हणाले अण्णासाहेब. आता त्यांचा सूर मऊ होता, तडजोडीचा होता. "असं करा, उद्या सकाळी पहिला नंबर माझा लावा. कुनाच्या बी आधी. म्हंजी तुमचं बी राहिलं, आमचं बी राहिलं."

खोलीला हायसं वाटलं. मागून एकजण म्हणाला, माझाही उद्याचाच लावा. दुसरी म्हणाली, माझाही. अशानं सगळे निघून जाणार आणि खुर्ची दिवसभर रिकामी पडणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मॅडम दाराशी येऊन काही बोलणार इतक्यात दैवशालाबाईंनी तोंडातला कापूस हातात काढला. अर्धं तोंड बधिर, शब्द वाकडेतिकडे पडत होते, तरी एकूण एक शब्द कळला.

"उद्या पहिले तुमी बसा, बराबर हाय. पन आज राती शेवटी कोन बसून गेलं, ते कोन सांगनार तुमाला? त्याचं त्याला तरी ठाव असंल का? इतके दिवस तुमी कुनाकुनाच्या मागून बसले, कधी इचारलं न्हाई. ह्या खुर्चीवर एक माझंच तेवढं उघड हाय."

ओठाच्या कडेनं रक्ताचा ओघळ आला. मॅडम रागावल्या, नवा कापूस दिला आणि परत बजावलं. बाईंनी तो चावला आणि बाकाच्या मधोमध बसून राहिल्या.

अण्णासाहेबांनी चपला घातल्या. त्यांच्यामागून बरेच जण गेले. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त चीड आली. जाणाऱ्यांना मी नंबरच्या चिठ्ठ्या परत करा म्हटलं, तेही जरा कडकच.

पुष्पाबाई मात्र राहिल्या. त्या डोक्याचं फडकं सोडत म्हणाल्या, त्यांची दाढ काही उद्यापर्यंत ऐकणारी नाही, आणि तशाच आत आल्या. खुर्चीजवळ येऊन थांबल्या. बसायच्या आधी त्यांनी हातानं गादी चाचपली आणि माझ्याकडं बघून विचारलं, "पोरी, समदं बराबर पुसलंस ना? हत्यार कोनतं घेनार? दाव मला."

मला आधी झोंबलं. माझ्या कामावर संशय? मग ध्यानात आलं की या खुर्चीवर रोज माणसं येऊन तोंड उघडून बसतात, आणि हा प्रश्न मला आजवर एकानंही विचारला नव्हता. विचारायला हवा होता, प्रत्येकानं, माझ्या पहिल्या दिवसापासून. मी नवं पाकीट त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं, रंग बदललेली खूण बोटानं दाखवली आणि त्यांच्या समोर फाडलं.

बाहेर परमेश्वर मोटरसायकलचा हॉर्न वाजवत होता. दैवशालाबाई उठल्या नाहीत. त्यांनी आतल्या खोलीच्या उघड्या दाराकडं तोंड करून बसायला जागा बदलली आणि पुष्पाबाई खुर्चीवर मागं टेकेपर्यंत नजर हलवली नाही.