लाल बटणावरचा हात

महिपतरावांचा उजवा हात हल्ली थरथरतो. वागळे इस्टेटमधली त्यांची कंपनी बंद पडली, तेव्हा त्यांनी तिथलं धातू तासायचं जुनं मिलिंग मशीन मागून घेतलं आणि खडवलीच्या घरामागच्या शेडमध्ये बसवलं. हँडल फिरवत ते असा काही माल काढायचे, की कल्याणहून लोक काम घेऊन शोधत यायचे. मग हात थरथरायला लागला आणि मशीनवर गोणपाट चढलं.

मुलगा सुदेश म्हणाला, भंगारात देऊ. सून प्राची म्हणाली, हँडलांच्या जागी मोटरी बसवते, कॉम्प्युटर फिरवेल, बाबांनी फक्त माल लावायचा. घरात बरीच धुसफूस झाली. शेवटी सुदेशने एकच ट्रायल कबूल केली. ती फसली तर संध्याकाळी भंगारवाल्याचा टेम्पो दारात.

ट्रायलच्या सकाळी महिपतरावांनी खंडेनवमीला करायचे तशी मशीनची पूजा केली. कुंकू लावलं, नारळ फोडला, झेंडूचा हार माथ्याच्या खिळ्याला अडकवला. प्राचीने अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा वाइसच्या जबड्यात आवळला आणि मशीन थांबवायचं लाल बटण सासऱ्यांसमोर ठेवलं.

"बाबा, काही वेगळं वाटलं की दाबायचं. विचार करत बसायचं नाही."

"आणि उगाच दाबलं गेलं तर?"

"तर परत चालू करू."

"परत-बिरत नाही हां," दारात टेकलेला सुदेश म्हणाला. "एक म्हणजे एक."

कटर धरणारं मशीनचं डोकं आधी वर सरकलं. वरच्या बारक्या स्विचला टेकायचं आणि तिथून खालची उंची मोजायची, अशी त्याची रीत. टक् वाजलं, डोकं थांबलं. मग फिरता कटर खाली यायला लागला. ठोकळ्याच्या दोन बोटं वर थांबून, मग सावकाश टेकून त्याने नुसती वरची साल काढायची होती.

तो थांबेना. बोटभर फट राहिली, मग त्याच्या निम्मी. हे दाबलं की संपलं सगळं, एवढं महिपतरावांच्या मनात आलं, आणि तेवढ्यात त्यांचा तळवा बटणावर आदळलासुद्धा.

शेड चिडीचूप झाली. कटर ठोकळ्याच्या केसभर वर उभा होता.

"वायरिंग गंडलंय तुझं," सुदेश म्हणाला. "कालच सांगितलेलं मी."

प्राची पुढे झाली. पांढरीफटक पडून ती एकेक वायर चाचपत राहिली. सुदेशने फोन काढला. महिपतरावांनी सहज वर पाहिलं. हाराचा गोंडा स्विच आणि डोकं यांच्या मधोमध चेपला होता. डोकं गोंड्याला टेकलं, गोंड्याने स्विच दाबला, आणि मशीनला वाटलं, पोचलो वर. मग ठरलेलं अंतर मोजत ते तेवढंच जास्त खाली घुसत होतं. वर कुणाचंच लक्ष नव्हतं. हार हळूच ओढून घेतला असता तर कुणाला कळलंही नसतं.

"प्राची, वायरी सोड," ते म्हणाले. "हार मी घातलाय. नेहमीच्या जागी. तिथं तू स्विच बसवलायस, हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

महिपतरावांच्या पत्नी हौसाबाई नारळाची भकलं घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी कुरकुर केली, "मग पूजेचा हार काय जमिनीवर टाकायचा?"

"माझ्या गळ्यात घाल. मी वर-खाली होत नाही."

प्राचीला हसू फुटलं आणि डोळेही भरले. सुदेश मात्र हसला नाही. "बाबा, एकच ट्रायल ठरलेली."

"मशीनची ठरलेली. चुकलो मी. भंगारात घालायचं तर मला घाल."

सुदेशने मान दुसरीकडे वळवली, पण नाही म्हटलं नाही. प्राचीने हार काढला, पाकळ्या फुंकून स्विच साफ केला. डोकं पुन्हा वर गेलं, या वेळी पार माथ्यापर्यंत. कटर उतरू लागला. महिपतरावांचा हात बटणावर थडथडत होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. कटर ठोकळ्याच्या वर थबकला, मग सावकाश टेकून आडवा वळला, आणि चकचकीत कीस उडायला लागला.

सुदेशचा फोन वाजला. त्याने स्क्रीन पाहिली. "टेम्पोवाला आहे. काय सांगू?"

महिपतरावांनी कटरवरची नजर काढली नाही.

"सांग, मशीन कामात आहे."