पायपेटीतली माती

विस्मरणात गेलेलं एक संगीत नाटक पुन्हा उभं करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं, त्याला आता तीन वर्षं झाली. नाटक विनोदी, बहिरेपणाचं सोंग घेणाऱ्या एका पाटलाचं. सास्तूरच्या हौशी मंडळींनी त्र्याण्णवच्या भूकंपाआधी ते गाजवलं होतं. वही मला मिळाली, पण वहीत नुसते शब्द. अकरा गाण्यांच्या चाली आता एकाच माणसाला येत होत्या, पायपेटी वाजवणाऱ्याच्या विधवेला. तालमी त्या काकूंच्याच घरी होत आणि त्या चुलीपुढं बसून चाली गाऊन दाखवायच्या.

मी हट्टी. नाटक जुन्याच वाद्यांवर होईल, नाहीतर नाही, असं सगळ्यांना सुनावून बसलेलो. काकूंनी ढिगाऱ्यातून निघालेली नवऱ्याची पायपेटी दाखवली. दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहायच्या, पण फडका कधी लावला नव्हता.

"वाजवा," म्हणाल्या, "पर उघडू नगा."

मी पायानं भाता मारला. सूर निघाला तो गळा धरल्यासारखा, आणि फटीतून चिमूटभर माती फरशीवर सांडली. काकू गाता गाता थांबल्या. सून उठून बाहेर गेली. काकूंनी ती माती बोटानं टिपून परत फटीत सारली. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू! तरी दर रविवारी जात राहिलो. गाणी हसवायची, पण त्या खोलीत कुणी हसलं नाही.

चार चाली झाल्या आणि माझा धीर सुटला. काकू लेकीकडं गेल्या होत्या, तेव्हा त्यांच्या मुलाला पटवून पेटी धाराशिवला नेली. कारागिरानं भाता उघडून झटकला. आवाज इतका खणखणीत झाला की मी स्वतःवरच खूश.

परत आल्यावर काकूंनी एकच सूर ऐकला.

"माती कुठं हाय?"

"टाकली की. ओंजळभर निघाली, काकू."

त्यांनी फटीत बोट फिरवून बघितलं. "पेटीशेजारीच निजायचे मालक. भात्यावर तोंड ठिवलेलेच सापडले. त्यांच्या तोंडातली अन् पेटीतली माती एकच व्हती, सर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाया पडलो. आणि त्यातही माझ्या तोंडून गेलंच, "उरलेल्या चाली?"

"ध्यानात न्हाईत आता."

त्यांना सगळ्या येत होत्या. मी चपला घातल्या, आणि सात चाली तिथंच राहिल्या.